आठाच्या वर नाही

मुकुंदवाडी
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

आत्या, नमस्कार.

आधी माझी चूक दुरुस्त करते, बाकीचं मग. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की घोट्याचं कोणतं ऑपरेशन करायचं ते इंद्रजीत सर तुझा पाय बघून ठरवतील. ते चूक आहे. सर ठरवणार नाहीत, मीही नाही आणि तूही नाहीस. ते चिठ्ठीवर ठरेल, आणि चिठ्ठी काँप्युटर काढेल.

लिहिताना मला हे माहीत होतं. चिठ्ठी म्हटलं तर तू घाबरशील, येणारच नाहीस असं वाटलं, आणि हात सोप्या वाक्याकडे वळला. आठ दिवस ते वाक्य मला टोचतंय. तू त्या वाक्यावर भरवसा ठेवून 'येते' म्हणालीस, म्हणून तुझं ते 'येते' मी धरत नाही. आता नीट वाच आणि पुन्हा ठरव.

आमच्या दवाखान्यात घोट्याच्या संधिवाताचा एक अभ्यास चालू आहे. घोटा पार झिजला, गोळ्या-पट्टे संपले, की दोन ऑपरेशनं असतात. एकात घोट्याची हाडं स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकतात. सांधा राहतच नाही, त्यामुळे त्याचं दुखणं कमी व्हावं अशी अपेक्षा असते, पण घोटा वरखाली हलत नाही. आम्ही त्याला 'जोड' म्हणतो. दुसऱ्यात झिजलेला सांधा काढून धातूचा आणि प्लॅस्टिकचा नवा बसवतात. तो हलतो, पण झिजू शकतो, सैल होऊ शकतो, कधी पुन्हा उघडावा लागतो. दोन्ही ऑपरेशनं जुनीच आहेत, तुझ्यावर कुणी पहिल्यांदा करून बघणार नाही. पण उकिडवं बसणाऱ्या, ढेकळांतून आणि चढावरून चालणाऱ्या आपल्यासारख्या माणसांना दोन्हींतलं कोणतं जास्त मानवतं, हे आमच्या सरांना खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून साठ माणसं घ्यायची, चिठ्ठीनं निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे करायची, आणि दोन वर्षं प्रत्येकाला विचारत राहायचं. दुखणं किती, चालणं किती.

तू नाही म्हणालीस तरी सर तुझ्यावर उपचार करतील, त्यात काही कमी होणार नाही. हो म्हणून नंतर कधीही बाहेर पडता येतं. तू माझी आत्या आहेस हे मी सरांना सांगितलंय. त्यामुळे संमतीचा कागद मी तुझ्यापुढे धरणार नाही, मेघाताई धरतील. त्या आमच्या व्यायामाच्या बाई. पेशंटला प्रश्न विचारायचं कामही त्यांचंच. माझं काम आलेले आकडे काँप्युटरमध्ये भरायचं. तिथं नाव नसतं, नुसता नंबर असतो.

फोनवर तुला घोंगाट ऐकू येतो, आणि शिवराजदादाच्या मोबाईलवर पाठवलं की तो वस्तीवर येईल तेव्हा सगळी वस्ती वाचते, म्हणून हे एवढं लांब लिहितेय. तुला लिहायला मला आवडतंही. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आईदादांबरोबर मेंढरांमागे गावोगाव हिंडत होते आणि माझी शाळा म्हणजे तू होतीस. कोकरं मोजून बेरीज, खडूच्या दगडानं खापरावर अक्षरं, आणि संध्याकाळी दहापैकी मार्क. दहा देवाचे, नववा शिकवणाऱ्याचा, आठाच्या वर पोराला नाही. एकदा मी बेरीज बरोबर असूनही रडले होते, दोन मार्क का कापले म्हणून. त्या खापरामुळे मी आज खुर्चीवर बसून काम करते. हे तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून इथं लिहिते.

तुझी
अंबिका


वस्तीवरून, वैजापूर तालुका
१४ फेब्रुवारी

चि. अंबिकाला सारजाबाईचा आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चूक आपणहून कबूल केली म्हणून एक मार्क वाढवणार व्हते, पण आठाच्या वर देता येत नाय.

पोरी, चिठ्ठीला मी कशाला भिऊ? तुला आठवत नसंल, तू लहान व्हतीस. तुझा बाप आन् तुझा फुफा, म्हणजे माझा मालक, यांनी सामाईक मेंढरं वाटली, तवा काय केलं? फुफानं दोन सारखे वाटे पाडले. मंग घोंगडीखाली दोन खडे ठेवले, एक काळा आन् एक तांबडा. ज्यानं वाटे पाडले त्यानं खडा उचलायचा नाय, ही आपली रीत. त्याचा जीव एका वाट्यात गुतलेला असतो. मंग वाटंनं जाणारा एक अनोळखी माणूस हाक मारून बोलावला, पाणी दिलं, आन् त्यानं खडा उचलला. त्याला मेंढीतलं आन् शेळीतलं कळत नव्हतं. त्याच्यामुळंच दोघं मेव्हणे मरेस्तोवर एका ताटात जेवले. तुमचा काँप्युटर म्हणजे तो वाटसरूच की. सरांनी वाटे पाडले तर त्यांनी खडा उचलायला नकोच. मला हे लई पटलं.

माझ्या पायाचं तुला ठाऊक हाये. कोकरू खांद्यावर घेऊन ओढ्यात पडले त्याला अकरा वर्षं झाली. हाडवैद्यानं बांधलं, वाकडं जुळलं. तवापासून सकाळी उठून पहिली दहा पावलं भिंत धरल्याबिगर पडत नायत. चाळीस मेंढरं हायेत, ती माझ्या पायाच्या तालावर चालत्यात. मी थांबले की थांबत्यात. हल्ली ती लई थांबाया लागल्यात. शिवराज करमाडहून येतो आन् दर बारीला म्हणतो, आई, विकून टाक, माझ्याकडं ये, शेंद्र्याच्या कंपनीत मला काय कमी पडतंय. गुणाचं पोर हाये, पण त्याला वाटतं मेंढरं म्हणजे माझी तकलीफ. मेंढरं गेली तर मी उठू कशासाठी, हे त्याला कळत नाय.

तवा येते. वाकडा तर वाकडा, माझा पाय हाये आन् माझं 'येते' हाये. खडा टाका.

सारजाबाई


मुकुंदवाडी
रविवार, १० मार्च २०२४

आत्या, नमस्कार.

तू सही करून गेलीस त्यानंतर चिठ्ठी निघाली. जोड आली. ऑपरेशन मंगळवारी, १९ मार्चला. सोमवारी सकाळी पोटभर खाऊन ये. जुने एक्स-रे, आधारकार्ड आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आण. त्यानंतर सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही, तेव्हा तू माझ्या खोलीवर राहायचंस. खाट खालच्या मजल्यावरच्या काकू देणार आहेत.

एक गोष्ट सांगते. जोड आली हे कळल्यावर मी जिन्यात जाऊन रडले. मला तुझ्यासाठी नवा सांधा हवा होता. का हवा होता, तर नवा आणि हलणारा म्हणून. दुसरा काही आधार नाही. कोणतं चांगलं ते माहीत नाही म्हणूनच तर आम्ही अभ्यास करतोय, आणि मीच मनात एक वाटा धरून बसले होते. तू सांगितलेली खड्याची रीत तेव्हा मला कळली.

तरी भीती वाटते. मी पत्र लिहिलं नसतं तर तू आली नसतीस.

अंबिका


वस्तीवरून
२० जून

चि. अंबिकाला आशीर्वाद.

घरी येऊन आठ दिस झाले. आधी तुझ्या खोलीचं लिवते. बोलून दाखवलं नाय, पण सहा आठवडे म्हणता म्हणता बारा झाले, तू मला भांड्यातून पाणी घातलंस, केस विंचरलेस, कामावर जायच्या आधी भाकरी करून झाकून ठेवलीस. मी दिवसभर खिडकीत बसून मुकुंदवाडी टेसनावरच्या गाड्या मोजायची, थांबल्या किती आन् न थांबता गेल्या किती. न थांबणाऱ्याच जास्त. तुझ्या आईला जे सुख माझ्या हातून मिळालं नाय ते मला तुझ्या हातून मिळालं. देव तुला बरकत देवो. मेंढरं तवर वस्तीनं राखली.

आता पायाचं. घोटा वाकत नाय, ते तू सांगितलंच व्हतं. उकिडवं बसता येत नाय. शिवराजनं परसाकडं उंच बैठक करून दिली, तिच्यावर बसताना पाहुणी आल्यावानी वाटतं. उतारावर सरळ उतरता येत नाय, खेकड्यावानी आडवं उतरावं लागतं. मेंढरं येडी होऊन बघत्यात. चप्पल जुनी चालत नाय, तुमच्या सरांनी सांगितलेला बूट घालते. गावातल्या बाया म्हणत्यात, सारजाबाई पोलिसात भरती झाली. पावसानं रान निसरडं झालंय, म्हणून काठी धरते.

बाकी काय लिवणार. ठीक हाये म्हण.

सारजाबाई


मुकुंदवाडी
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

आत्या, नमस्कार.

हे पत्र मी चार वेळा फाडलंय.

तू सहा महिन्यांच्या तपासणीला येऊन गेलीस. तेव्हा मी मुद्दाम खोलीबाहेर थांबले, मेघाताईंनीच तुला विचारलं. त्यानंतर त्या आठवड्याचे आकडे माझ्याकडे भरायला आले. नाव नसतं, पण तुझा नंबर मला माहीत होता. कागद भरून पुढे जायला हवं होतं. मी थांबून वाचलं, आणि मागचा कागदही काढून बघितला. भरायला लागत नव्हता, तरी काढला.

शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं दुखणं. ऑपरेशनआधी तुझा आकडा दोन होता. तेव्हा मला वाटलं होतं, तू नेहमीसारखं कमी करून सांगितलंस. आता तुझा आकडा आठ आहे.

आत्या, आठ. जी बाई भिंत धरून चालताना दोन सांगते, तिचं आठ म्हणजे काय असेल? मी तुझं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. उतरता येत नाही, बसता येत नाही, काठी लागते. आणि शेवटी 'ठीक हाये म्हण'. मी ते हसत हसत वाचलं होतं. माझ्यावर दोष येऊ नये म्हणून तू दुखणं लपवलंस, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मग मी आणखी एक केलं. मागच्या रविवारी करमाडला शिवराजदादाकडे गेले आणि त्याला सांगितलं. पेशंटचा आकडा बाहेर सांगायचा नसतो, मुलालाही नाही. मला ते पाठ आहे, मी दुसऱ्यांना शिकवते. तरी सांगितलं, कारण तू त्या पायानं चाळीस मेंढरांमागे चालतेस हे मला सहन होईना. दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बस झालं आता. मी मेंढरांचं बघतो."

तू मला अक्षर दिलंस आणि मी त्या अक्षरात पत्र लिहून तुझा पाय घालवला, असं मनात येतं. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. किती दुखतं ते खरं सांग. सरांना दाखवायचं असेल तर मी सुट्टी काढून तुला न्यायला येते.

अंबिका


वस्तीवरून
७ ऑक्टोबर

अंबे,

आशीर्वाद मंग देते. आधी तुला बोलायचंय.

परवा सकाळी सर्जेराव आला. वैजापूरच्या बाजारात मेंढरं घेतो तो. संगं टेंपो. म्हणला, "सारजाबाई, शिवराजचा फोन आला व्हता. तुमचा पाय कामातून गेला म्हणं. गाभण मेंढ्या आधी भरतो, बाकीच्या उद्या."

मी म्हणलं, "मेंढरं वर टेकाडावर हायेत. बघून तर घ्या."

"इथं बोलवा की."

"ती माझ्याच मागं येत्यात. चला संगं."

गेलो. टेकाड तुला ठाऊक हाये, त्या मधल्या खडकापाशी तू लहानपणी बसकण मारायचीस. तिथं सर्जेराव बसला. धापा टाकत म्हणला, "जरा दम घेऊ." मी उभी. त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, बुटाकडं बघितलं, आन् म्हणला, "बाई, गेलेला पाय कोणता म्हणायचा?"

मी म्हणलं, "तुमचा दिसतोय."

टेंपो रिकामाच गेला. शिवराजला पत्र घातलंय, त्यात काय लिवलं ते तुला नाय सांगत.

आता तुझं ते आठ. वाचून मला आधी कळंना, मंग कळलं, आन् मंग मी एकटीच हसले. म्हातारीला येड लागलं म्हणून कुत्रं भुकलं.

मेघाबाई गुणाची हाये, पण ती तोंडानं बोलती ते माझ्या कानात शिरत नाय. तिनं दोन-तीनदा विचारलं, मंग टेबलावरची चिठ्ठी माझ्यापुढं धरली. तुझं अक्षर. मी लांबून वळखलं, 'प'चं पोट तू अजून मोठं काढतीस. चिठ्ठीवर लिवलं व्हतं, 'पायाला दहापैकी किती द्याल?' मला वाटलं, पोरगी माझीच परीक्षा मला घ्यायला लावती. पहिल्या बारीला पाय नापास व्हता, दोन दिले. दोन तरी का, तर इतकी वर्षं चालला म्हणून. आता आठ दिले. अंबे, आठ! दहा देवाचे, नववा तुमच्या सरांचा. आठाच्या वर मी कुणाला देत नाय हे तुला ठाऊक असून तू रडत बसलीस?

दुखणं विचारायचं व्हतं तर दुखणं विचारायचं. दुखणं म्हणशील तर दिवसभर चालून दिस कलताना जड होतं. उशीवर पाय ठेवला की जातं. सकाळी भिंत धरत नाय. अकरा वर्षांनी.

हे जूनमंदी लिवलं नाय कारण चांगलं झालेलं बोलू नये. गाभण मेंढी बरी दिसली तरी आपण बरी हाये म्हणतो का? खुरात माती हाये म्हणतो, लोकर मळली म्हणतो. दृष्ट लागती. मी पण पायाची माती तेवढी सांगितली. तू मेंढरांत वाढलीस आन् हे इसरलीस, ते खुर्चीमुळं. आज तुझ्यापायी कागदावर चांगलं लिवावं लागलं, तवा लिवून झाल्यावर मीठ उतरून टाकते.

आता आशीर्वाद. तू पत्र लिवलं नसतंस तर मी आले नसते हे खरं हाये. ते तू दोष म्हणून लिवलंस. मी रोज सकाळी पाय खाली टेकवते तवा तेच म्हणते, पण दोष म्हणून नाय.

तुझी आत्या


मुकुंदवाडी
रविवार, १३ ऑक्टोबर २०२४

आत्या, नमस्कार. दसऱ्याची आपट्याची पानं पाकिटात घातली आहेत, ती आधी काढून घे.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. मी ते स्टेशनच्या बाकावर बसून वाचलं. अकरा वर्षांनी भिंत धरत नाहीस, हे वाक्य किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. एवढी कृतज्ञता एका वेळी कुठं ठेवायची हे मला कळत नव्हतं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती. शेजारी एक बाई मेथी निवडत बसली होती. तिला म्हटलं, माझ्या आत्याचा पाय बरा झाला. ती म्हणाली, "व्हय का, लई चांगलं झालं." आणि एक जुडी निवडायला माझ्या हातात दिली. दृष्टीचं मला नंतर आठवलं. तिच्या मेथीतलं चिमूटभर टाकून दिलं, मीठ नव्हतं म्हणून.

मग हात थांबला. चिठ्ठी.

ती चिठ्ठी मीच लिहिली होती. छापील कागदावर प्रश्न लांब आहे. 'मागच्या आठवड्यात तुमच्या घोट्यात किती वेदना झाल्या, शून्य म्हणजे अजिबात नाही', असा. मेघाताई एकदा म्हणाल्या, खेड्यातल्या माणसांना हे वाचून दाखवलं की ती गोंधळतात, काहीतरी सोपं दे. मी उभ्या उभ्या लिहून दिलं, पायाला दहापैकी किती द्याल. मला ते अगदी सरळ वाटलं. आता कळतं का वाटलं. माझ्या कानात दहापैकी म्हटलं की तुझा आवाज येतो. बाकीची माणसं त्या चिठ्ठीनं दुखणं मोजतात की पायाला मार्क देतात, हे मला माहीत नाही. काहींनी असं घेतलं असेल, काहींनी तसं.

शुक्रवारी परत जाऊन मी फक्त एवढं बघितलं की चिठ्ठी लिहिली त्या दिवसापासून मेघाताईंच्या टेबलावर किती जणांना प्रश्न विचारला गेला. सतरा. कुणाचा आकडा किती, ते उघडलं नाही. एकदा उघडून काय झालं ते बघितलंय.

तुझ्यापाशी लपवत नाही, मनात काय आलं ते सांगते. दहातून आठ गेले की दोन उरतात. तुझ्या आठाचे मी दोन केले, आधीच्या दोनाचे आठ केले, तर कागद खऱ्याच्या जवळ जाईल आणि कुणाला कळणारही नाही. तुझ्या बाबतीत मला खरं माहीत आहे. बोट कीबोर्डवर होतं. मग घोंगडी आठवली. प्रश्न मी लिहिला, म्हणजे वाटे मी पाडले. आता खडा मी उचलायचा नाही. तुझा उचलला तर बाकी सोळांचा कोण उचलणार, आणि कशावरून? त्यांच्यात कुणाचा पाय खरंच दुखत असेल आणि मी त्याला बरा करून टाकेन. आमच्या कागदांवर उद्या कुणाच्या तरी घोट्याचा निर्णय व्हायचा आहे. मी संगणक बंद केला आणि घरी आले.

सरांना सांगायचं ते एका कागदावर लिहून काढलंय. चिठ्ठी माझी आणि ती कुणाला न विचारता दिली. सतरा जणांना पुन्हा नीट विचारावं लागेल, आणि ते मी नाही, मेघाताईही नाही, तिसऱ्याच कुणीतरी विचारावं, तुझ्या वाटसरूसारखं. आधीचे आकडे खोडू नयेत, शेजारी का शंका आहे ते लिहावं. आणि शेवटी, एका पेशंटचा कागद मी कारण नसताना उघडला आणि त्यातलं तिच्या मुलाला सांगितलं. ते शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. त्यासाठी मला कामावरून काढू शकतात. काढलं तर मला वाईट वाटेल, पण तक्रार करता येणार नाही. तुझं पत्र सरांना दाखवू का, हे तुला विचारायला हवं होतं. विचारून उत्तर यायला आठवडा जाईल, आणि तेवढा वेळ ते सतरा आकडे खरे धरले जातील. म्हणून पत्र दाखवत नाही, फक्त चिठ्ठीचं सांगते. ती चिठ्ठी मेघाताईंच्या टेबलावरून काढून माझ्या पर्समध्ये ठेवली आहे. त्यांना काल दसऱ्याच्या निमित्तानं घरी जाऊन सगळं सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग म्हणाल्या, मीही तुझ्याबरोबर आत येते. मी म्हटलं, नको, बाहेर थांबा.

शिवराजदादाला फोन केला. त्याला तुझं पत्र मिळालंय. काय लिहिलं होतंस ते त्यानंही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "आई म्हणते दिवाळीला ये आणि टेकाड चढून दाखव." मग विचारत होता, तो बूट त्याच्या मापात मिळेल का.

आत्या, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू दिलेल्या अक्षरात पत्र लिहून मी तुझा पाय घालवला. ते चूक आहे, ते खोडून वाच. पण त्याच अक्षरानं ती चिठ्ठीही लिहिली, ते मात्र तसंच राहू दे. खापरावर बेरीज चुकली की तू पुसू द्यायची नाहीस. शेजारी बरोबर उत्तर लिहायला लावायचीस, म्हणजे चूक कुठं झाली ते दिसतं. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता दुसरं काय करावं ते सुचत नाही, आणि सुचायची गरजही वाटत नाही, एवढं ते तू पक्कं करून ठेवलंयस. त्याबद्दल तुझी मी कायमची ऋणी आहे.

मार्क आताच देऊ नकोस. सर दसऱ्याला गावी गेले होते, उद्या परत येतात. नऊला राउंड असतो, साडेनऊला ते आपल्या खोलीत चहा घेतात आणि तेव्हा दार उघडं असतं. मी उद्या, सोमवारी, १४ ऑक्टोबरला, सकाळी साडेनऊला आत जाणार आहे.

तुझी
अंबिका